मांडीवर बसेल की!

दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं आंतरराष्ट्रीय विमानाचं तिकीट बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या भाड्याच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास पडतं आणि त्या पैशांत त्याला स्वतःची सीट मिळते. दोन वर्षांच्या आत असेल तर साधारण दहा टक्के, मग मांडी आपली. जाताना एक वर्ष अकरा महिने आणि येताना दोन वर्षं असा बेत आखणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, परतीला सीट घ्यावीच लागते. हे सगळं इतकं ठासून लिहितेय, कारण गेल्याच आठवड्यात बँकॉकहून टोकियोच्या नारिता विमानतळाला जाणाऱ्या विमानात एका काकांना ते पटवण्यात माझी अर्धी रात्र गेली, आणि त्यांना ते अजूनही पटलेलं नाही.

मुंबई ते बँकॉक चार-साडेचार तास, पुढे नारिता सहा तास. दुसरा टप्पा मुद्दाम मध्यरात्रीचा घेतात, मूल झोपेल म्हणून. मूल झोपतंच, पण विमानात चढायच्या आधी, विमानतळावर. मग दारात बाबागाडी घडी करायला त्याला उचललं की टक्क जागं होतं. बाबागाडीचं आणखी एक. दारात देताना तिच्यावर जो टॅग लावतात तो नीट वाचावा. ती बँकॉकला विमानाच्या दारात मिळणार की थेट नारिताच्या पट्ट्यावर, हे त्या टॅगवर ठरतं. नाही वाचलं तर बारा किलोचं मूल कडेवर आणि तो लांबलचक विमानतळ पायाखाली.

तर काका. आम्ही डावीकडच्या तीन सीटांवर. खिडकीत लेक, मध्ये मी, कडेला नवरा. लेकीला खिडकी दिली ती लाडाने नव्हे. आम्ही गाडीतली तिची छोटी खुर्ची बरोबर नेली होती, आणि ती खुर्ची खिडकीशीच लावू देतात, म्हणजे घाईने बाहेर पडायची वेळ आली तर कुणाची वाट अडत नाही. ती विमानात चालते असा छापील शिक्का खुर्चीवरच असावा लागतो, कंपनीला आधी कळवावं लागतं आणि तळाची रुंदी सर्वांत फुगीर जागी मोजून घ्यावी लागते, कारण साध्या वर्गात सीटच्या दोन हातांमधलं अंतर त्रेचाळीस सेंटिमीटरच्या आसपासच असतं. मग विमानाचा पट्टा तिच्या खाचांतून ओवायचा, गुडघा रोवून खुर्ची दाबायची आणि पट्टा आवळायचा. एवढं करून मी घाम पुसत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मराठी का? वा वा. मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"मग काय, मांडीवर बसेल की!"

पासष्टीचे असावेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात पासपोर्टचं पाकीट. मुलगा टोकियोत निशी-कासाईला राहतो. तिथे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, तेव्हा त्यात नवल नाही. काकांची सीट बरीच मागे, मधल्या रांगेत मधोमध. काकू डोळ्यांवर पट्टी बांधून केव्हाच झोपल्या होत्या, असंख्य वर्षांच्या सवयीने.

"काका, तिचं तिकीट काढलंय."

"असेल ना. तिकीट काढावंच लागतं. पण सीट कशाला अडवायची?"

"सीट तिकिटातच आली."

"हाफ आहे ना पण?"

"पाऊण."

काकांनी मनातल्या मनात गणित केलं. "म्हणजे पाव सीट तर रिकामीच."

या युक्तिवादाचं मूळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. एसटीत पाच ते बारा वर्षांना अर्धं तिकीट, आणि गर्दी झाली की कंडक्टर पहिली नजर अर्ध्या तिकिटावरच टाकतो. रेल्वेने तर २०१६ पासून सरळच सांगितलंय, अर्ध्या भाड्यात बर्थ नाही, बर्थ हवा तर पूर्ण पैसे. दोन-तीन पिढ्या या शिस्तीत वाढल्या. लहान मूल बसलेली जागा ही त्यांच्या लेखी सार्वजनिक मालमत्ता. विमान पस्तीस हजार फुटांवर गेलं म्हणून ही समजूत खाली थोडीच राहते?

"मला काय खिडकीचं वेड नाही हो," काका माझ्या सीटच्या पाठीवर कोपर टेकून स्थिरावले. "पण फुजी डावीकडून दिसतो. मुलानं मुद्दाम सांगितलंय. उतरायच्या आधी अर्धा-पाऊण तास. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचाय."

"मग डावीकडची खिडकी निवडायची ना आधी."

"जादा पैसे मागत होते! पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हिला काय कळतोय फुजी? हिला कुत्रा दाखवला तरी खूश. आणि हे काय आणलंय? खुर्चीवर खुर्ची? हे उचलून वर सामानात ठेवलं की झालं."

ती वर सामानात मावत नाही, हे मी सांगितलं. पट्टा एकट्या मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, विमान हिसकलं तर मांडीवरचं मूल हाताने धरून राहत नाही, हेही सांगितलं. काकांनी "आमची तीन पोरं मांडीवरच वाढली" असं उत्तर दिलं. ती विमानात वाढली होती का, हे मी विचारलं नाही. सुरुवातीला ते मला "अहो मॅडम" म्हणत होते. आता "अगं, ऐक माझं" वर आले, आणि आवाजात ती लाडीगोडी शिरली जी लाच देण्याआधी शिरते.

"देवगडचा हापूस खाते का ही? बॅगेत डझनभर आहेत. उतरलं की दोन देतो."

"काका, ताजी फळं जपानमध्ये अशी नेता येत नाहीत."

"मी कुठे विकायला नेतोय?"

इथे माझ्यातला शिक्षक जागा झाला, त्याला इलाज नाही. भारतीय आंब्याला जपानने २००६ साली दार उघडलं, पण ते वाफेची प्रक्रिया करून, प्रमाणपत्र लावून गेलेल्या पेट्यांना. त्यांना भीती फळमाशीची. घरच्या बॅगेतल्या आंब्याला ना वाफ ना प्रमाणपत्र. मटण, सॉसेज, मांसाचं सारण असलेले पदार्थ यांचीही तीच गत. विमानात मुलांच्या जेवणात आलेला हॅमचा तुकडासुद्धा पिशवीत टाकून उतरायचं नाही.

"देवगडला माश्या नाहीत," काका म्हणाले.

शेवटी हवाई सुंदरी आली. मला वाटलं, सुटले. तर ती वाकून, अत्यंत गोड हसून मला विचारते, या गृहस्थांसाठी आपल्याला काही करता येईल का? आपल्याला! पुढच्या रांगेत खिडकीशी एक धडधाकट तरुण कानात बोंडं घालून बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. त्याच्या पुढच्या रांगेतली बाई खिडकीची झडप ओढून झोपली होती, तिलाही नाही. सहा तास जी खिडकीबाहेर बघणार नाही तिची सीट पवित्र, आणि पाऊण भाडं भरलेल्या मुलीची सीट चर्चेला खुली. मूल बरोबर असलं की तुम्ही आधीच अपराधी असता. ते रडणार, लाथा मारणार, तेव्हा निदान जागा तरी द्या, असा एक न बोललेला हिशेब असतो. मी "नाही" म्हणाले. नवरा त्या वेळी सुरक्षेचं माहितीपत्रक इतक्या एकाग्रतेने वाचत होता की ते त्यानेच लिहिलं असावं.

लाथांचं मात्र खरं आहे. छोट्या खुर्चीमुळे मूल उंच बसतं आणि त्याचे पाय नेमके समोरच्याच्या पाठीशी येतात. बूट काढून जाड मोजे घालायचे, एवढाच उपाय.

पुढचे तास झराझरा सांगते. मुलांचं जेवण आदल्या दिवशीच नोंदवावं लागतं आणि शाकाहारी हवं असेल तर आणखी पंचाईत, कारण एका सीटला बहुधा एकच प्रकार नोंदवता येतो, मुलांचा किंवा शाकाहारी. आम्ही शाकाहारी घेतलं आणि वर आपले ठेपले, राजगिऱ्याचे लाडू. नाचणीचं सत्त्व कोरडंच डब्यात न्यावं, गरम पाणी विमानात मिळतं. डायपरसाठी प्रत्येकी एक छोटी पिशवी करावी. आत एक डायपर, तीन ओले पुसणे, एक काळी पिशवी. तेवढीच घेऊन स्वच्छतागृहात जायचं, कारण आत काही ठेवायला वीतभर जागा नसते, आणि बदलायची फळी प्रत्येक स्वच्छतागृहात नसते, दारावरची खूण बघायची. काळ्या पिशव्या जास्त घ्या. जपानमध्ये रस्त्यावर कचऱ्याचे डबे शोधून सापडत नाहीत, वापरलेला डायपर दिवसभर आपल्या पाठीवर हिंडतो.

उतरण सुरू झाली की झोपलेल्या मुलाला उठवायचं. झोपेत गिळणं कमी होतं, कानातला दाब सुटत नाही आणि मग जो हंबरडा फुटतो तो धावपट्टीपर्यंत थांबत नाही. चमच्याने किंवा स्ट्रॉने घोट-घोट पाणी द्यायचं, तेही खाली उतरेपर्यंत पुरवून. जपानी घड्याळात सकाळचे सात वाजले होते, लेकीच्या पोटात पहाटेचे साडेतीन. तिचा घोट चुकू नये म्हणून मी जीव मुठीत धरून बसलेय, तर माझ्या डोक्यावरून एक हात आला. हातात मोबाइल. हाताच्या मागे काका, अर्ध्या रांगेवर आडवे.

"जरा मान खाली घे गं. आला बघ, आला."

आला नव्हता. तीन हजार सातशे शहात्तर मीटरचा डोंगर मे महिन्याच्या ढगात पूर्ण बुडालेला. काकांनी चार मिनिटं ढगाचा व्हिडिओ काढला, त्यात माझा कान आणि लेकीचा आक्रोश आहे. पट्टे बांधायची सूचना झाली तेव्हा त्यांना परत पाठवायला तीच गोड सुंदरी आली. या वेळी ती हसत नव्हती.

नारिताला बोटांचे ठसे सोळा वर्षांखालच्यांचे घेत नाहीत, पण प्रवासाची माहिती मुलाचीही आधी ऑनलाइन भरून ठेवावी, रांगेत उभ्याने भरणं म्हणजे शिक्षा. सामानाच्या पट्ट्यापाशी एक बीगल जातीचा कुत्रा आला. विलगीकरण खात्याचा, अंगात कोट, शेजारी हातमोजे घातलेली बाई. तो भुंकत नाही, चावत नाही. वास लागला की शेजारी शांत बसतो. तो काकांच्या बॅगेशेजारी बसला.

लेक खुलली. "भूभू!" म्हणून टाळ्या पिटायला लागली. बाई नम्रपणे वाकल्या आणि बॅगेत काय आहे ते विचारलं. काकांनी एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि थेट लेकीकडे बोट करून म्हणाले, "बेबी. मँगो फॉर बेबी."

त्यानंतरची पंचवीस मिनिटं आम्ही काउंटरपाशी उभे होतो. आमची बॅग उघडली गेली. नाचणीचं सत्त्व वर-खाली करून, हुंगून पाहिलं गेलं. आम्ही यांचे कोणी नाही, हे हाताच्या खुणांनी समजावणं अवघड असतं, कारण काका दर दोन मिनिटांनी माझ्याकडे वळून मराठीत सल्ला विचारत होते. आंबे इथेच उभ्याने खाऊन टाकू का, असंही त्यांनी सुचवलं. तेही चालत नाही. डझनभर हापूस पिवळ्या पिशवीत गेले, काकांनी कागदावर सही केली.

"तुम्हाला नियम माहीत होते," मग ते मला म्हणाले, पुन्हा अहो-जाहो वर येऊन, "तर आधी नीट सांगायचं ना."

मी बाबागाडी उघडली. काकूंनी मागून हळूच लेकीच्या हातात बाकरवडीचं पाकीट ठेवलं, दोन वर्षांच्या मुलीला तिखट बाकरवडी, पण तेवढी एकच माणुसकी त्या सकाळी मिळाली म्हणून मी काही बोलले नाही. काका मात्र अजून निघाले नव्हते.

"परत कधी आहे तुमचं? परतीला फुजी उजवीकडे येतो बरं का. खिडकी उजवीकडचीच घ्या."