३१२ सीडी आणि गंधर्व कुटुंब

आमच्या गाडीनं एके संध्याकाळी नळ स्टॉपच्या चौकात मारवा गिळला.

गिळला म्हणजे अक्षरशः गिळला. मारवा रागाची सीडी आत गेली, दोन मिनिटं तानपुरा वाजला, गवयानं कुठं कोमल रिषभ लावला न लावला तोच आतून कागद टराटरा फाटल्याचा आवाज आला आणि सगळं गप्प. बटण दाबलं, प्लेअरवर थापटी मारली, गाडी बंद करून चालू केली. सीडी काही बाहेर येईना. मागच्या सीटवरून नाना, म्हणजे माझे वडील, अगदी शांतपणे म्हणाले, "लेबल नीट वाळलं नसेल."

नाना प्रत्येक सीडीवर लेबल लावतात. वहीचा कागद चौकोनी कापायचा, चारी कोपऱ्यांना डिंक लावायचा आणि भोक सोडून, म्हणजे साधारण सोडून, चिकटवायचा. सीडी सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "एवढी घाई कशाला?" खरं तर यात एक गंमत आहे. सीडी आतून बाहेर वाजत जाते आणि कडेला येईपर्यंत तिचा वेग मिनिटाला २०० फेऱ्यांवर उतरतो. म्हणजे गवई विलंबितातून द्रुतात निघालेला असतो आणि त्याच्या पोटाखालची तबकडी द्रुतातून विलंबितात. दोघं मध्ये कुठंतरी एकमेकांना नमस्कार करत असणार.

नाना पेठेतल्या मेकॅनिकनं प्लेअर उघडून मारव्याचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. "चांगलं होतं का गाणं?" असं त्यानं विचारलं, ते मला फार लागलं. त्याच रात्री मी जाहीर केलं, की घरातल्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, प्रत्येकीला नीट नाव द्यायचं आणि डिंकाची बाटली कपाटात बंद करायची.

"किती आहेत?" बायकोनं विचारलं.

"असतील शंभरेक."

३१२ निघाल्या. पुस्तकांच्या मागे, देवघराखालच्या खणात, एक तर चक्क डाळीच्या डब्यांमागे. माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही हे मला तेव्हा कळलं. मग तपकीर गल्लीतून एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. दुकानदारानं तो माळ्यावरून काढून धूळ झटकताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाटा-वरवंटा मागितला होता.

बँकेत तीस वर्षं काढल्यामुळे मी आधी हिशेब केला. सीडीवरच्या एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी लागतात. तासाभराची एक धरली तर ३१२ सीडींचे झाले १८७ जीबी, आणि आवाजाला धक्का न लावता दाबून बसवलं तर जेमतेम निम्मे. नानांची चाळीस वर्षांची हौस पत्त्यांच्या कॅटाएवढ्या डबीत मावणार होती. एका सीडीला पंधरा मिनिटं म्हणजे एकूण ७८ तास. रोज दोन तास बसलो तर चाळीस दिवसांच्या आत खातं बंद. हिशेब बरोबर होता. फक्त त्यात नावं धरलेली नव्हती.

माझी समजूत अशी, की सीडी आत सरकवली की कॉम्प्युटर तिच्यावरची नावं वाचतो. तर बहुतेक सीडींवर नावं नसतातच! एवढ्या चकचकीत तबकडीवर फक्त कुठला ट्रॅक कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होतो एवढाच तक्ता असतो. कॉम्प्युटर तो तक्ता इंटरनेटवरच्या कोठारात पाठवतो आणि विचारतो, "अशा अंगकाठीचं कुणी तुमच्याकडे आहे का?" आणि त्या कोठारात जी नावं असतात, तीही कुठल्यातरी घरी बसून माझ्यासारख्याच कुणीतरी टाइप केलेली.

पाश्चात्त्य गाण्याच्या सीडीवर बारा-चौदा ट्रॅक असतात. बारा गाण्यांची लांबी सेकंदासकट जुळणारी दुसरी सीडी सहसा सापडत नाही, म्हणून ओळख पटते. आमच्याकडं एका सीडीवर दोन ट्रॅक. बडा ख्याल अठ्ठेचाळीस मिनिटं, छोटा ख्याल अकरा. म्हणजे पोलिसांना "आरोपीला दोन हात होते" एवढंच वर्णन देण्यासारखं. कॉम्प्युटरनं जराही न डगमगता किशोरीताई आमोणकरांचा भूप राग कुठल्याशा चर्चमधला ऑर्गन म्हणून नोंदवला. नानांनी पडद्यावरचं नाव चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "ताईंना कळलं असतं तर मैफल सोडून उठल्या असत्या."

ज्यांची ओळख पटली, त्यांचे हाल निराळे. भीमसेनजी चार निघाले. एक नुसते भीमसेन जोशी, एक पंडित, एक 'पं.' आणि एकाच्या स्पेलिंगमध्ये कुणीतरी एक ई जादा घातलेला. कॉम्प्युटरच्या लेखी ही चार वेगळी माणसं, चौघांची चार फोल्डरं. हे असं चालणार नाही, म्हणून मी बँकेची शिस्त लावली: आडनाव आधी, नाव नंतर, पदव्या बाद. रात्री साडेबारापर्यंत बसून सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि समाधानानं झोपलो.

सकाळी नाना यादी बघत होते. "हे गंधर्व कुटुंब कुठलं रे?"

मी पाहिलं. गंधर्व कुमार, गंधर्व छोटा, गंधर्व बाल, गंधर्व सवाई. एका रेशनकार्डावर नावं असावीत तसे चौघं एकाखाली एक बसले होते. वास्तविक बालगंधर्व हे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, छोटा गंधर्व हे सौदागर नागनाथ गोरे आणि कुमारजींचं आडनाव कोमकली. चार घरं, चार गावं, चार तऱ्हेचे गळे. "छोटा गंधर्व या बाल गंधर्वांहून मोठे की लहान?" असं माझ्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी आडनावांचा नाद सोडला.

नावाचं मिटलं तरी कॉम्प्युटरचे प्रश्न मिटत नाहीत. त्याला 'कलाकार' या रकान्यात एकच माणूस हवा असतो. एका नाट्यपदात कवी वेगळा, चाल देणारा वेगळा, मूळ रंगभूमीवर गाणारा वेगळा, आणि सीडीवर गातो तो चौथाच. तबला, हार्मोनियम, तानपुऱ्याला बसलेली शिष्या यांना तर रकानाच नाही. मी कवीला 'संगीतकार'मध्ये घातलं, संगीतकाराला 'टिपणी'मध्ये आणि तबलजीला नाइलाजानं गाळलं. नाना म्हणाले, "मग ठेका कुणी धरलाय, तू?"

गाडीच्या नव्या प्लेअरची आणखी एक खोड निघाली. त्याला गाण्याचं नाव दाखवायला तीसच अक्षरं. इंग्रजीत 'राग मियाँ की मल्हार विलंबित एकताल' असं लिहिलं की तिसावं अक्षर 'विलंबित'च्या पुढच्या मोकळ्या जागेवर संपतं. पडद्यावर राग दिसायचा, लय दिसायची, ताल तेवढा गळायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, तू गातोस तसंच झालं की!"

तिकडे दुर्लक्ष करून मी गीतरामायणाकडे वळलो. त्यात काय अवघड? आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५ साली सुरू झालं, गाणी ५६, क्रम ठरलेला, कवी एक आणि आमच्या सीडींवर गायकही एकच. मी प्रत्येक फाइलला गाण्याचा क्रमांक दिला, १ ते ५६, आणि सगळी गाणी पेन ड्राइव्हवर घालून रामनवमीला सकाळी लावून दिली. नाना आंघोळ करून, टोपी घालून बसले.

पहिलं गाणं झालं. मग एकदम दहावं लागलं. मग अकरावं. बाराव्याला सीतेचं स्वयंवर झालं. मला वाटलं, होतं असं कधीकधी. एकोणीस झाल्यावर दुसरं आलं, मग विसावं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतो. १ च्या मागे १०, त्याच्या मागे ११, आणि १९ संपल्याशिवाय २ ला प्रवेश नाही. मी कागद घेऊन मोजलं. रामजन्माचं सहावं गाणं या हिशेबानं त्रेपन्नाव्या नंबरावर येत होतं. वनवास झाला, लंका झाली, लवकुशांना निरोप देऊन झाला, आणि मग अयोध्येत राम जन्माला येणार होता! बाराच्या ठोक्याला सुंठवडा वाटायचा तो त्या दिवशी आम्ही गाण्याकडे न बघता, घड्याळाकडे बघून वाटला. १ च्या जागी ०१ लिहायचं असतं, एवढंच. शून्याचा शोध आपल्याकडे लागला असं ऐकतो, पण माझ्यापर्यंत तो पोचायला रामनवमी उजाडली.

दरम्यान ओरखडे पडलेल्या सीडींना टूथपेस्ट लावून घासण्याचा एक उद्योग झाला. मधून कडेकडे सरळ रेषेत घासायचं, गोल गोल नाही. नऊ सीडी वाचल्या, टूथपेस्ट संपली आणि घरात दोन दिवस मिठानं दात घासावे लागले. त्यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

नानांना डबीतलं गाणं मान्यच नव्हतं. "मला तबकडी दिसली पाहिजे," असं म्हणाल्यावर त्यांच्यासाठी निवडक पंचवीस सीडी नव्यानं बर्न केल्या. वर सीडीच्या मार्करनं सुवाच्य नाव. पहिली लावली ती एका बैठकीची, मूळ सीडीवर ट्रॅक बदलतो पण गाणं थांबत नाही अशी. तान वर चढत गेली, चढत गेली, आता समेवर येणार म्हणून नानांनी हात उचलला आणि खोलीत शांतता पसरली. दोन सेकंद. मग खाली कुठंतरी गवई आपला पुढं गात होता. नानांचा हात तसाच हवेत.

"सम कुठं गेली?"

बर्न करताना प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची पोकळी सोडायची, ही त्या सॉफ्टवेअरची आपल्या मनानं घेतलेली सवय. ती बंद करायची खूण तीन पडदे आत लपवून ठेवलेली. पंचवीस सीडी मी पुन्हा केल्या. पहिल्या पंचवीस आता गच्चीवर कबुतरं हाकलायला टांगल्या आहेत. बऱ्या वाजतात, म्हणजे चमकतात.

शेवटी राहिला 'प्रकार' हा रकाना. मी तो रिकामा सोडला होता, आणि रिकाम्या रकान्यात संगीतप्रकारांच्या एका जुन्या ठरीव यादीतला शून्य क्रमांकाचा प्रकार आपोआप बसला. तो आहे ब्लूज. म्हणजे ३१२ सीडी, अभंग, ठुमरी, गौळण, भूपाळी, सगळं ब्लूज. हे काही नानांना दाखवण्यासारखं नव्हतं. मी एका रविवारी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "नाना, तुम्ही सांगा, मी लिहितो. शास्त्रीय, उपशास्त्रीय, नाट्य, भक्ती..."

"ते मला माहीतच आहे की. ते कशाला लिहायचं?" म्हणून त्यांनी जुन्या सीडींचा ढीग पुढं ओढला आणि डिंकानं लावलेली आपली लेबलं वाचायला सुरुवात केली. मी ती लेबलं आजवर कधी नीट वाचलीच नव्हती. त्यांवर रागाचं नाव क्वचित. बाकी सगळा निकाल. 'उत्तम.' 'उत्तम, पण शेवट घाईत.' 'बरी.' 'पाहुणे आल्यावर.' 'सवाईत पहाटे ऐकला तो हा नव्हे.' 'रमणबागेत थर्मास हरवला त्या रात्रीचा राग.' 'हिला आवडते', म्हणजे आईला. आणि एकीवर, लाल शाईनं, दोनदा अधोरेखित: 'तबला वाईट.'

मी सगळं तसंच्या तसं टाइप केलं. कॉम्प्युटरनं एकदाही तक्रार केली नाही. आता आमच्या घरात संगीताचे सतरा प्रकार आहेत आणि त्यांत ब्लूज नाही. प्रकार निवडला की त्या प्रकारची सगळी गाणी ओळीनं लागतात. 'उत्तम'मध्ये एकशे चौसष्ट सीडी, 'पाहुणे आल्यावर'मध्ये अकरा. 'तबला वाईट'मध्ये एकच.

मी नानांना माउस हातात दिला. त्यांनी यादीवरून बाण हळूहळू खाली नेला, उत्तम सोडलं, आईची ओळ आल्यावर जरा थांबले, ती पण सोडली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही लाव. एवढं घासलंस, उतरवलंस, नावं घातलीस. तबला सुधारलाय का बघू."