भित्तिपत्रकाची काच

आज दुपारी नात महाविद्यालयातून रडवेली होऊन घरी आली. स्नेहसंमेलनातील तिची एकांकिका, महिनाभराच्या तालमींनंतर आणि प्रयोग चार दिवसांवर आलेला असताना, रद्द करण्यात आली. दूरच्या युद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका शाळेवर ती आहे. कारण सांगण्यात आले ते असे, की जगाच्या राजकारणाशी आपल्या मुलांचा काय संबंध? हे वाक्य ऐकल्यापासून माझे कशातही लक्ष लागलेले नाही.

सप्टेंबर 1973 मध्ये चिलीत लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचे सरकार उलथवले आणि बाराच दिवसांत तिथले कवी नेरुदा वारले. हा देश ज्यांना नकाशावर शोधावा लागला, अशा आम्ही पाच जणांनी आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचा अख्खा अंक त्यावर काढला. प्राचार्यांनी बोलावून घेतले. ते आमच्या मताचे मुळीच नव्हते. त्यांनी सगळा अंक उभ्याउभ्या वाचला, लाल पेन्सिलीने शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "आता लावा."

त्याच डिसेंबरात अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसचे बिल वाढले म्हणून मुले उठली आणि फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मेसच्या ताटापासून राज्याच्या सत्तेपर्यंतचे अंतर किती कमी असते, हे आम्ही विशीच्या आत पाहिले. आणि आजच्या मुलांना मात्र नृत्याच्या स्पर्धा आणि प्रायोजकांचे फलक पुरेसे आहेत, असे परस्पर ठरवणारे हे कोण?

तेव्हाही सगळे मोकळे नव्हते, हे मान्य. 'घाशीराम कोतवाल'चे प्रयोग सादर करणाऱ्या संस्थेनेच थांबवले होते. पण त्यातल्या तरुणांनी वेगळी संस्था काढून ते नाटक पुन्हा उभे केले, हेही तितकेच खरे आहे.

आमच्या भित्तिपत्रकाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि त्याच प्राचार्यांनी स्वतःच्या हातांनी फलकाची काच उघडून सगळे कागद काढले. नव्या कागदांखाली टाचलेला चिलीचा अंकही त्यात निघाला. गठ्ठा माझ्या हाती देत ते हळूच म्हणाले, "घरी ने. इथे ठेवू नकोस." मग काचेला कुलूप लावले आणि आमच्याकडे न पाहता निघून गेले. त्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा मला अभिमान वाटला आणि आमच्या प्राचार्यांचा फार राग आला. तो राग मी कित्येक वर्षे बाळगला.

आज हे लिहिता लिहिता तो कमी होतो आहे. ते घाबरले होते, पण त्यांनी कागद फाडले नाहीत. नातीच्या प्राचार्यांनाही कदाचित वरून कोणाचा फोन आला असेल. तसे असेल तर त्यांनी मुलांना ते खरे सांगावे. भीती मी समजू शकते, पण "काय संबंध" हे मी समजून घेणार नाही.

संध्याकाळी ट्रंकेतून तो अंक काढला. नातीने तो दोनदा वाचला आणि लाल पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवले. रविवारी पाच वाजता तिची सगळी मुले संहिता घेऊन आमच्या घरी येणार आहेत. बैठकीतले सामान हलवले की पंचवीस माणसे सहज बसतील. ज्यांना यायचे आहे त्यांनी या.