काळजी घ्यायला शास्त्र कशाला? नाशिकमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

12 मेचा परिचारिका दिन जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक लांबलचक मेसेज फिरू लागतो. सोसायटीच्या गटात येतो, नातेवाइकांच्या गटात येतो, आणि मी शिकवते त्या नर्सिंगच्या मुलीही तो मला दाखवतात. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: काळजी घेणं ही बाईची उपजत माया आहे, ती शिकवावी लागत नाही. नाईटिंगेलबाईंच्या हातात दिवा आणि पोटात करुणा होती, तेवढंच पुरलं. 'थिअरी ऑफ केअरिंग', म्हणजे नर्सिंगला शिकवला जाणारा काळजीचा सिद्धांत, हे परदेशी प्राध्यापकांनी खोलीत बसून लिहिलेलं आहे. माया मोजता येत नाही, म्हणून ते शास्त्र नव्हे. आणि सेवाभाव असेल तर एकटी सिस्टरही अख्खा वॉर्ड सांभाळते.

पाठवणाऱ्यांच्या मनात कौतुक असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे आणि शेवटचं तर रुग्णाच्या जिवावर बेतणारं आहे.

आधी नाईटिंगेलबाईंचं. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या इस्पितळात जखमांपेक्षा कॉलरा, टायफस आणि हगवणीनं जास्त सैनिक दगावले. 1855 मध्ये ब्रिटिश सरकारच्या स्वच्छता आयोगानं तिथली गटारं साफ केली, हवा खेळती केली, तेव्हा मृत्यू झपाट्यानं उतरले. बाईंनी मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीनं ते आकडे मांडले, 1858 मध्ये आकृत्या काढून छापले आणि सरकारला ते बघायला लावले. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना पहिली महिला सदस्य म्हणून निवडलं. त्यांचं 'नोट्स ऑन नर्सिंग' उघडून पाहा. हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता, जेवण अशी एकेक बाब धरून त्या लिहितात. रुग्णाच्या खोलीत कुजबुजणं हा क्रूरपणा आहे, कारण तो जीव मुठीत धरून ऐकत राहतो, असं त्यांनी बजावलंय. आपल्या वॉर्डांत भेटीच्या वेळी पलंगाभोवती उभं राहून हलक्या आवाजात बोलणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. करुणा त्यांच्याकडे होतीच. तिला त्यांनी निरीक्षणाची शिस्त लावली.

माया उपजत असते म्हणून शिकवावी लागत नाही, हा दुसरा मुद्दा. माया असेल, पण ऑपरेशनहून आलेला माणूस नुसता 'जरा बेचैन' आहे की आतून रक्तस्राव होतोय, हे मायेला कळत नाही. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी अनेक परिचारिकांच्या मुलाखती घेऊन, त्यांचं काम पाहून 1984 मध्ये नवशिकीपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. बीपी खाली येण्याआधीच एखाद्या अनुभवी सिस्टरला काहीतरी बिनसल्याचं जाणवतं, ते शेकडो रुग्ण पाहिल्यावर. कॅनडातल्या परिचारिका सिमोन रोच या तर ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या, धर्मसेवेत आयुष्य घालवलेल्या. त्यांनीही काळजीच्या अंगांत करुणेच्या शेजारी कार्यक्षमता ठेवली. कौशल्याविना करुणा रुग्णाला अपाय करू शकते, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. शिवाय आज आमच्या वर्गात मुलगेही आहेत. 'बाईची माया' म्हटलं की त्या ब्रदरचं काम कुठं बसवायचं?

खोलीत बसून लिहिलं, या आरोपावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे.

मॅडेलिन लेनिंजर या परिचारिका 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला मानसिक त्रास असलेल्या मुलांसोबत काम करत होत्या. वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुलं त्याच सेवेला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे त्यांनी पाहिलं आणि आपल्या शिक्षणात याचं उत्तर नाही हेही ओळखलं. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गाडसुप लोकांत जाऊन राहिल्या आणि 1965 मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यातून त्यांनी परिचारिकेला तीन वाटा दिल्या: लोकांची चांगली रीत जपायची, काही रीतींत दोन्हीकडून जुळवून घ्यायचं, आणि घातक असेल ती लोकांना सोबत घेऊन बदलायची.

हे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर नेऊन बघा. बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घालतात, सव्वा महिना जड काम देत नाहीत. हे जपायचं. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक देतात. तिथं शेक राहू दे, पण खिडकी उघडी ठेवू, निखारे बाहेर फुलवून आणू, असं आजीशी बोलून ठरवायचं. चिकाचं दूध पिळून टाकून बाळाला मध किंवा गुळाचं पाणी चाटवतात, ते बदलायचंच, कारण त्या दुधात बाळाचं पहिलं संरक्षण असतं आणि मधातून तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. पण बदलायचं ते आजीला बाजूला बसवून नव्हे. घरात शब्द तिचा चालतो. पोस्टिंगवर जाताना मी मुलींना ही तीन वाटांची चौकट देते, कारण ती नसली की नवी मुलगी एकतर सगळ्याला मान डोलावते, नाहीतर सगळ्यालाच अडाणीपणा म्हणते. दोन्ही वेळा पुढच्या खेपेला ते घर आपल्याला दार उघडत नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच परिचारिका-संशोधक क्रिस्टन स्वॉन्सन यांचं. आपोआप गर्भपात झालेल्या बाया, अतिदक्षता विभागात बाळ असलेले पालक आणि सेवक, अडचणीतल्या तरुण माता यांच्याशी बोलून त्यांनी 1991 मध्ये आपला सिद्धांत मांडला. त्यात पाच गोष्टी आहेत: तिच्यासाठी या घटनेचा अर्थ काय ते समजून घेणं, मनानं तिच्यासोबत असणं, तिला जमत नाही ते तिच्यासाठी करणं, तिला पुढचं झेपेल असं करणं, आणि ती यातून निभावेल हा विश्वास धरून ठेवणं. आपल्याकडे पोट रिकामं झालेल्या बाईला काय ऐकवलं जातं? "जाऊ दे, वय आहे अजून, दुसरं होईल." सगळे मायेनंच म्हणतात. ती भिंतीकडे तोंड करते. तिचं गेलेलं मूल कुणाच्या हिशेबातच नसतं. तिथं स्वॉन्सन शिकलेली मुलगी विचारते, "ताई, तुम्हाला काय वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

माया मोजता येत नाही म्हणतात, तर तेही इथंच पाहू. स्वॉन्सन यांनी गर्भपात झालेल्या 242 स्त्रियांवर चाचणी घेतली. ज्यांना या पद्धतीनं एकेका तासाची तीन समुपदेशनं मिळाली, त्यांचा राग आणि उदासी पहिल्या वर्षात इतरांपेक्षा कमी राहिली. माया मोजली गेली नाही, खरं आहे. तिनं काय फरक पडला, तो मोजला गेला.

एका बाबतीत मात्र मेसेजवाल्यांचं म्हणणं मला थोडं पटतं. काळजीचा सिद्धांत मांडणाऱ्या अमेरिकेतल्या परिचारिका जीन वॉटसन यांचं लेखन, विशेषतः नंतरचं, फार अमूर्त आहे. पहिल्या वर्षाच्या मुलींना ते घोकंपट्टीसारखं शिकवलं तर दहा मुद्दे पाठ होतात आणि वॉर्डात एकही दिसत नाही. यात दोष शिकवण्याचा आहे. 1979 च्या त्यांच्या मूळ मांडणीतल्या दहा घटकांत निर्णय घेताना शास्त्रीय पद्धत वापरणं हा एक घटक आहे, आणि रुग्णाच्या साध्या शारीरिक गरजा पुरवणं हाही.

'आपल्या संस्कृतीत सेवा आहेच', असंही कुणी जोडून देतं. आहेच. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी पुण्याजवळ डॉक्टर असलेल्या आपल्या दत्तक मुलासोबत, यशवंतरावांसोबत, रुग्णांसाठी दवाखाना चालवला आणि त्याच साथीत त्या गेल्या. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं बायकांना नर्सिंगचं रीतसर शिक्षण मिळवून दिलं. आपल्याच या माणसांनी सेवा शिक्षणापासून तोडली नव्हती.

राहिला शेवटचा दावा, एकटीनं अख्खा वॉर्ड सांभाळण्याचा. परिचारिका-संशोधक लिंडा एकेन यांच्या गटानं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांतले 2,32,342 शस्त्रक्रियेचे रुग्ण अभ्यासले. 2002 मध्ये आलेला निष्कर्ष असा की परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसते. युरोपातल्या 9 देशांचा 2014 चा अभ्यासही तोच आकडा सांगतो. शिवाय जिथं पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त होतं तिथं मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी कमी होती. 'डिग्रीवाल्या सिस्टर नुसते कागद भरतात' म्हणणाऱ्यांनी हा आकडाही पुढे पाठवावा.

एकटीवर वॉर्ड टाकला की सलाइन संपलेलं उशिरा दिसतं, कूस बदलायची राहते, पाठीला जखम होते. ती सिस्टर कितीही मायाळू असो, ती एका वेळी एकाच पलंगापाशी असते. तेव्हा यंदा 12 मेला कौतुकाचा मेसेज पाठवायचाच असेल, तर आपल्या भागातल्या नगरसेवकाला आणि आमदाराला पाठवा, आणि सोबत विचारा: आपल्या सरकारी दवाखान्यात परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि आज रात्रपाळीला एका अधिपरिचारिकेकडे (स्टाफ नर्सकडे) किती रुग्ण आहेत?