शेकापचा पुढचा सरचिटणीस कोण?

आपल्या लाल बावट्यात, म्हणजे शेतकरी कामगार पक्षात (शेकाप), सरचिटणीस म्हणजेच पक्षाचा कर्ताधर्ता. म्हणून 'पुढे कोण?' हा विषय निघाला की आवाज चढतात, चहा गार होतो आणि शेवटी चर्चा दोनच घरांवर येऊन अडते. अलिबागचे पाटील, नाहीतर सांगोल्याचे देशमुख.

या घरांचं ऋण कोण नाकारतंय? अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, त्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील. (शेकाप तेव्हा जन्मलाही नव्हता.) पडत्या काळात सरचिटणीस जयंतभाई पाटलांनी पक्ष चालवला, हेही खरं. पण जुलै २०२४ ला विधान परिषदेच्या निवडणुकीत त्यांना पहिल्या पसंतीची १२ मतं मिळाली, ते पडले. नोव्हेंबरात विधानसभेत आपला एकच आमदार पोहोचला, सांगोल्याचे डॉ. बाबासाहेब देशमुख. एक! कृष्णराव धुळूप विरोधी पक्षनेते होते तो हाच पक्ष.

आणि बॅनरवर आपण ज्यांचे फोटो लावतो ते कुणाचे वारस होते हो? सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेले गणपतआबा देशमुख? ढवळीच्या शेतकरी घरातले एन. डी. पाटील सर? जानेवारी १९८४ ला नवी मुंबईसाठी जमिनी घेणाऱ्या सिडकोविरुद्ध दि. बा. पाटलांच्या हाकेला शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. दि. बा. कुठल्या घराण्याचे, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नव्हतं.

सेझसाठीच्या (विशेष आर्थिक क्षेत्र) भूसंपादनाच्या वेळी, २००८ ला, पेणच्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यायला भाग पाडलं गेलं. त्या लढ्यात आपण होतो. मग स्वतःचा नेता मतपेटीतून निवडायला आपल्याला भीती कसली? वर्गणी भरणाऱ्या प्रत्येक सभासदाला गुप्त मतदान द्या. बाबासाहेबांनी उभं राहावं, अलिबागच्या चित्रलेखाताई पाटलांनीही राहावं, आणि एखाद्या तालुका चिटणीसालाही राहता यावं. नाव आधी ठरवून अधिवेशनात नुसत्या टाळ्या घेऊ नका.

प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न मात्र विचाराच. २०२४ ला उरणमध्ये आपण आणि ठाकऱ्यांची शिवसेना एकमेकांसमोर लढलो, निवडून आले भाजपचे महेश बालदी. पुढच्या वेळी आघाडीत जागा ठरली नाही तर काय करणार? 'वेळ आली की बघू' म्हणणाऱ्याला माझं मत नाही.

अधिवेशन अलिबागला की सांगोल्याला, हा वाद तेवढा कृपया शेवटी घाला.