जरा जवळ आण ना

"दादा, तिला जरा जवळ आण ना."

भाचीचा नाच मी शूट केला, म्हणून एडिटिंगही माझ्याच गळ्यात. स्टेजवर अकरा ससे, सगळे एकसारखे. दुसऱ्या रांगेतली तिसरी ससुली आपली. आणि मी हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर. "एचडी आहे ना? मग कर की झूम!" असं बहीण म्हणते. तिच्या लेखी एचडी म्हणजे कल्पवृक्ष.

एचडीची फ्रेम १९२० बाय १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल, चित्राचे ठिपके. ऐकायला माणूस गडगंज वाटतो. पण झूम दोनशे टक्के केला की हातात उरतो चौथा हिस्सा आणि चारशेला सोळावा, ४८० बाय २७०. बाकीची जागा सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलचे रंग बघून अंदाजपंचे भरतं. चारशेला ससुलीचं नाक गेलं. शार्पन वाढवलं, तर नाक काही परत आलं नाही, कानांभोवती मात्र पांढरी कड उमटली. ससा संतपदाला पोचला.

(खरं तर माझा फोन एचडीच्या वरचं ४केही काढतो. जागा पुरत नाही म्हणून मीच तो एचडीवर ठेवला होता. हे बहिणीला अजून माहीत नाही.)

मग कळलं, मेहुण्यांनीही शूट केलंय, तेही ४केमध्ये. ३८४० बाय २१६०, पिक्सेल चौपट! एचडीच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा जोडायच्या पट्टीवर, चित्र दुपटीनं जवळ आणलं तरी एकही पिक्सेल ताणावा लागत नाही. मी दुप्पट केलं. ससा धूसरच. सॉफ्टवेअरमधला प्रिव्ह्यू चुकून पाव रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी पिक्सेलवर होता, तो फुल केला. तरी धूसर. मेहुण्यांच्या फोनबद्दल मी मनात बरंच काही बोलून घेतलं.

दोष त्यांचा नव्हता. क्लिप फ्रेमबाहेर सांडत होती म्हणून मीच 'स्केल टू फ्रेम साइज' दाबलं होतं. तो पर्याय आधी चित्राचं एचडी करतो, जादाचे पिक्सेल टाकून देतो आणि मग आपण झूम करत बसतो. चिपाडातून रस काढायचा उद्योग! हवा होता शेजारचा 'सेट टू फ्रेम साइज'. तो चित्र फक्त लहान दाखवतो, पिक्सेलना हात लावत नाही. नावात एका शब्दाचा फरक, आणि माझ्या दोन रात्री गेल्या.

तो दाबला मात्र, पापण्यासुद्धा मोजता याव्यात असा चेहरा समोर आला. मी विजयी मुद्रेनं बहिणीला हाक मारली. ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"दादा, ही कोण?"

"कोण म्हणजे? दुसऱ्या रांगेतली तिसरी."

"अरे, माझ्या उजवीकडून तिसरी!" तिनं स्क्रीनच्या कडेला बोट टेकवलं. तिथे पडद्याआडून एक कान आणि अर्धा गाल डोकावत होता. "ही बघ आपली. हिला जरा जवळ आण ना."