दोन शेड उजळ दाखवा!

लग्न मे महिन्यात आहे ना? मग फाउंडेशन घ्यायला बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, दिवे लागल्यावरच जा. दिवसाउजेडी रंग खरा दिसतो, आणि खरा रंग बघायला का कोणी दुकानात जातं! पांढऱ्याफटक एलईडीखाली शेड हाताच्या पाठीवर लावा. नागपूरच्या उन्हात गाडीवर तोंडाला स्कार्फ असतो, हात मात्र रापतात. चेहऱ्याशी सगळ्यात कमी जुळणारी जागा तीच. जबड्याच्या कडेला मानेपर्यंत तीन पट्टे ओढायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग बाहेर येऊन जो पट्टा दिसेनासा होतो तो घ्यायचा, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. तेवढ्यात काही फाउंडेशनं हवेने गडद होतात. उगाच कळून जाईल.

काउंटरवर अंडरटोन, म्हणजे त्वचेची आतली झाक, विचारतील. बेधडक ‘गव्हाळ’ सांगा. गव्हाळ, निमगोरी, सावळी यांतून रंग किती गडद ते कळतं. आतली झाक पिवळसर, गुलाबी की हिरवट, ते नाही. बायोडाटात तरी कुठे तो रकाना असतो? सावळ्या मुलीची झाक गुलाबी असू शकते आणि गोरीपान मुलीची पिवळी, हे मावशीला पटवून दाखवाच. उन्हाने रंग गडद होतो, झाक सहसा तीच राहते, हे तर बोलूच नका.

हवं तर मनगटाच्या शिरा बघा: निळ्या म्हणजे कूल (गुलाबी झाक), हिरव्या म्हणजे वॉर्म (पिवळसर झाक). सावळ्या हातावर दिसतच नाहीत? मग काउंटरवरची ताई म्हणेल ते. सोनं शोभतं (वॉर्म) की चांदी (कूल), ही परीक्षा आईसमोर करू नका. निकाल आधीच लागलेला आहे.

आता गुलाबी झाकेची, दोन शेड उजळ बाटली उचला. पिवळसर त्वचेवर ती हमखास राखाडी दिसते. उजळ शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड जास्त, पिवळं-लाल आयर्न ऑक्साइड कमी. खालचा गडद रंग पुरता झाकला जात नाही आणि वर पांढुरकी साय धरते. डोळ्यांखाली आधी नारिंगी करेक्टर लावला तर निळसर काळेपणा मारला जातो, म्हणून तो टाळा. थेट उजळ कन्सीलर थापा, राखेची वर्तुळं तयार. घरच्या बाटलीत पिवळ्या मिक्सरचा (शेड बदलायच्या रंगद्रवाचा) थेंब टाकून निभावतं, असं कोणी सुचवलं तर विषय बदला.

मान वेगळ्या रंगाची दिसते म्हणता? नवरीने मान खालीच घालायची असते.