आधी लगीन डेटाचं, मग फॉरेन कीचं

मायएसक्यूएल हा डेटाबेस सोडून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जायचं ठरलं? अभिनंदन. आता फॉरेन की (दुसऱ्या टेबलात नसलेल्या ओळीकडे बोट दाखवू न देणारा नियम), युनिक की (तीच नोंद दोनदा येऊ न देणारा नियम) असल्या फंदात पडू नका. शुक्रवारी रात्री डेटा ढकलायचा, जी की आडवी येईल ती उडवायची. सकाळपर्यंत सगळं हिरवंगार.

जुनी बाजू तर मुळीच तपासू नका. टेबलं मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-इंजिनाची असतील, तर जावई सासऱ्याचा सल्ला ऐकतो तशी त्यांनी तुमची फॉरेन की ऐकून घेतलेली असते: मान डोलावली, विषय संपला. चेक कन्स्ट्रेंटचीही (आकडा अटीत बसतो का ते पाहणाऱ्या नियमाचीही) मायएसक्यूएलची ८.०.१६ आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, हीच गत होती. इनोडीबी, म्हणजे फॉरेन की खरंच पाळणारं इंजिन, असेल तर कुणीतरी कधीतरी 'फॉरेन की चेक्स' शून्य करून (म्हणजे तपासणी बंद करून) डेटा भरलेला असतोच. नंतर पुन्हा एक केलं, तरी आत घुसलेल्या ओळींना कुणी विचारत नाही.

युनिक की जशीच्या तशी उचलून ठेवा. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरं ताडून पाहायच्या नियमांना) कॅपिटल-स्मॉलचा फरक कळत नाही, पोस्टग्रेसला कळतो. एकाच ईमेलवर एक पाटील मोठ्या पी-ने आणि तेच पाटील लहान पी-ने, असे दोनदा सभासद होतील. सभासदवाढ कुणाला नको असते?

सीक्वेन्स, म्हणजे नव्या ओळीला पुढचा नंबर देणारा मोजणीदार, पुढे सरकवायच्याही भानगडीत पडू नका. सोमवारी काउंटरवर नवा सभासद नोंदवताना 'डुप्लिकेट की' आलं, तर पुन्हा बटण दाबायला सांगा. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक नंबर एकाने वाढतो. जुने सभासद बारा हजार असतील तर बारा हजार वेळा दाबलं की काम होतं. (मी एकाला चाळीसपर्यंत दाबताना पाहिलंय. माणूस चिकाटीचा होता.)

आणि अनाथ ओळी, म्हणजे ज्यांचा मालक दुसऱ्या टेबलात नाहीच अशा, सापडल्याच तर? 'नॉट व्हॅलिड' लिहून की लावा: नव्यांची झडती, जुन्यांना अभय. नंतर व्हॅलिडेट करायचं, म्हणजे जुन्यांचीही झडती घ्यायची असते म्हणे. 'नंतर' ही आपल्याकडची सर्वांत मोठी टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा).

एका पतसंस्थेच्या कामात आम्हाला असं एक कर्जखातं सापडलं. सभासद क्रमांक शून्य. शून्य नंबरचा सभासद कुठेच नव्हता, पण हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला चोख यायचा. मी मॅनेजरसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "हप्ता येतोय ना? मग कशाला ढवळताय?"

बरोबरच होतं. पण फॉरेन की काही ऐकेना. शेवटी पहाटे तीनला आम्ही शून्य नंबरचा सभासदच जन्माला घातला. नाव: टेस्ट टेस्ट. पत्ता: टेस्ट. की आनंदाने बसली, आम्ही चहा प्यायलो.

पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसा छापल्या गेल्या. श्री. टेस्ट टेस्ट यांचीही रीतसर निघाली. आठ दिवसांनी परत आली. लिफाफ्यावर पोस्टमनचा शेरा: 'पत्ता अपुरा.'